अनुदानकपात आणि विद्यापीठांचे नेतृत्व : अलास्का राज्याचा अनुभव

उच्च शिक्षणाचा विस्तार होत गेला की त्याच्या व्यवस्थापनाचा व्यापही वाढत जातो. एका महाविद्यालयाचे विद्यापीठ होते, एका विद्यापीठाची तीन विद्यापीठे होतात, आणि त्या तिन्हींचा मेळ घालण्यासाठी वर आणखी एक कार्यालय उभे राहते. शासकीय अनुदान पुरेसे असते तोपर्यंत या रचनेकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. अनुदानाला कात्री लागली की मात्र पहिला प्रश्न वरिष्ठ पदांविषयी विचारला जातो. इतके प्रमुख, इतके उपप्रमुख, इतके अधिष्ठाता खरोखरच आवश्यक आहेत काय? एकाच्याच हाती सर्व सूत्रे दिली तर खर्च वाचणार नाही काय?

हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र वाटते तितके सरळ नाही. अमेरिकेच्या अलास्का राज्यात २०१९ आणि २०२० या दोन वर्षांत जे घडले त्यावरून हे चांगले स्पष्ट होते. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या कोणत्याही संस्थेची फेररचना करताना कोणत्या गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात, याचा तो एक बोलका पाठ आहे.

राज्य आणि त्याचे विद्यापीठ

अलास्काचे क्षेत्रफळ सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्राच्या पाचपटीहून अधिक विस्तार असलेल्या या राज्याची लोकसंख्या मात्र साडेसात लाखांच्याही आत आहे. राज्याची राजधानी जुनो येथे असून तेथे राज्याच्या इतर भागांतून रस्त्याने जाता येत नाही. बोटीने किंवा विमानानेच जावे लागते. उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडील कॉट्झब्यू, बेरिंग समुद्राकाठचे नोम, कस्कोक्विम नदीकाठचे बेथेल अशा गावांचीही हीच स्थिती आहे. या तिन्ही गावी विद्यापीठाची छोटी केंद्रे आहेत आणि परिसरातील मूळ रहिवाशांच्या मुलामुलींना घराजवळ उच्च शिक्षण मिळण्याचा तोच मुख्य मार्ग आहे.

फेअरबँक्सजवळ १९१७ साली कृषी व खनिविद्येचे एक महाविद्यालय स्थापन झाले. १९२२ मध्ये तेथे वर्ग सुरू झाले आणि १९३५ मध्ये त्याला विद्यापीठाचे नाव मिळाले. आज ‘युनिव्हर्सिटी ऑफ अलास्का’ या एका छत्राखाली फेअरबँक्स, अँकरेज आणि आग्नेय अलास्का (जुनो) अशी तीन विद्यापीठे आहेत. राज्यघटनेनुसार या सर्वांचा कारभार ११ सदस्यांच्या रीजंट मंडळाकडे सोपविलेला आहे. सदस्यांची नेमणूक राज्यपाल करतात व तिला विधिमंडळाची संमती लागते. मंडळ एका अध्यक्षाची नियुक्ती करते. तो संपूर्ण व्यवस्थेचा कार्यकारी प्रमुख असतो. त्याच्या हाताखाली प्रत्येक विद्यापीठाचा एक चॅन्सलर असतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. महाराष्ट्रात राज्यपाल हे विद्यापीठांचे कुलपती असतात आणि प्रत्यक्ष कारभार कुलगुरू पाहतात. अलास्कातील चॅन्सलर हा मात्र आपल्याकडील कुलगुरूंप्रमाणे विद्यापीठाचा प्रत्यक्ष कारभार पाहणारा अधिकारी होय. तसेच तेथील राज्यपाल लोकांनी निवडून दिलेला कार्यकारी प्रमुख असतो. विधिमंडळाने मंजूर केलेल्या अर्थसंकल्पातील एखादी रक्कम कमी करण्याचा किंवा वगळण्याचा अधिकार त्याला असतो. त्याचा नकाराधिकार फिरवावयाचा तर विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांतील एकूण ६० सदस्यांपैकी ४५ जणांची मते लागतात. थोडक्यात, कारभाराची स्वायत्तता रीजंट मंडळाकडे आणि पैशाची किल्ली राज्यपाल व विधिमंडळाकडे, अशी ही विभागणी आहे.

तेलाचा पैसा आणि त्याचे चढउतार

अलास्काच्या तिजोरीचा मुख्य आधार खनिज तेल हाच राहिला आहे. तेलाचे उत्पन्न वाढले तेव्हा, १९८० मध्ये, राज्याने वैयक्तिक प्राप्तिकर रद्द केला. तेलाच्या उत्पन्नाचा काही भाग एका स्थायी निधीत ठेवण्याची तरतूद १९७६ मध्ये झाली होती. त्या निधीच्या उत्पन्नातून १९८२ पासून प्रत्येक पात्र रहिवाशाला दरवर्षी लाभांश देण्यात येऊ लागला. तेलाचे भाव चढले की सर्व काही सुरळीत चालते. भाव कोसळले की सरकारी सेवा, नागरिकांचा लाभांश आणि करमुक्ती या तिन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळणे कठीण होते.

हा अनुभव प्रथम १९८६ च्या सुमारास आला. तेलाचे भाव घसरताच विद्यापीठाचे अनुदान कमी झाले आणि १९८७ मध्ये पहिली मोठी फेररचना करण्यात आली. राज्यातील सामुदायिक महाविद्यालये त्यावेळी स्वतंत्र व्यवस्थापनाखाली होती. ती आता तीन विद्यापीठांत विलीन झाली. पुष्कळ नागरिकांना हे रुचले नाही. महाविद्यालये पुन्हा वेगळी करावीत असा प्रस्ताव थेट मतदारांपुढे गेला. तथापि १९८८ च्या मतदानात तो संमत झाला नाही. आज तीन विद्यापीठांची जी रचना दिसते ती अशा रीतीने एका आर्थिक अडचणीतूनच आकाराला आलेली आहे.

२०१४ नंतर तेलाचे भाव पुन्हा उतरले आणि विद्यापीठाचे अनुदान हळूहळू घटू लागले. २०१५ मध्ये अध्यक्षपदी आलेले जेम्स जॉन्सन यांनी तिन्ही विद्यापीठांतील समान विभाग व सेवा एकत्र करण्याची योजना पुढे मांडली. हे काम संथगतीने चालू असतानाच २०१९ सालचा आघात झाला.

एका उन्हाळ्यातील घडामोडी

नागरिकांना सुमारे ३ हजार डॉलर लाभांश देण्याचे आश्वासन देऊन माइक डनलीव्ही हे २०१८ च्या अखेरीस राज्यपाल झाले. नवे कर न बसविता एवढी रक्कम वाटावयाची तर सरकारी खर्चात मोठी कपात अपरिहार्य होती. २८ जून २०१९ रोजी, म्हणजे नवे आर्थिक वर्ष सुरू होण्यास अवघे तीन दिवस उरले असताना, त्यांनी विद्यापीठाच्या तरतुदीतून १३ कोटी डॉलर वगळले. विधिमंडळाने आधीच ५० लाख डॉलर कमी केले होते. दोन्ही मिळून १३ कोटी ५० लाख डॉलरची कपात झाली. आदल्या वर्षीचे राज्य अनुदान ३२ कोटी ७० लाख डॉलर होते. त्याच्याशी तुलना करता ही कपात ४१ टक्क्यांच्या आसपास येते.

१० जुलै रोजी विधिमंडळात नकाराधिकार फिरविण्यासाठी मतदान झाले. अधिवेशन कोठे भरवावे यावरून त्यावेळी वाद चालू होता आणि काही सदस्य जुनोऐवजी वासिला या गावी जमले होते. जुनो येथील मतदानात ३७ मते ठरावाच्या बाजूने व १ विरुद्ध पडले. ४५ चा आकडा गाठला गेला नाही. त्याच महिन्यात मूडीज या संस्थेने विद्यापीठाची पतश्रेणी एकदम तीन पायऱ्यांनी खाली आणली. २२ जुलै रोजी रीजंट मंडळाने आर्थिक आणीबाणी जाहीर केली. अशा घोषणेमुळे अभ्यासक्रम त्वरित बंद करणे आणि कायम सेवेतील अध्यापकांनाही अल्प मुदतीच्या सूचनेने सेवामुक्त करणे शक्य होते. अध्यापकवर्गाच्या दृष्टीने याहून गंभीर पाऊल क्वचितच असेल.

दोन आराखडे

या परिस्थितीत मंडळापुढे मुख्यतः दोन मार्ग होते. पहिला मार्ग अध्यक्ष जॉन्सन यांनी पुरस्कारलेला होता. तीन विद्यापीठांचे एकच विद्यापीठ करावे, त्याला एकच अधिस्वीकृती असावी, एकच नेतृत्व असावे आणि प्रत्येक विद्याशाखेचे एकच महाविद्यालय सर्व केंद्रांसाठी काम करील, असा तो विचार होता. तीन चॅन्सलर, त्यांची कार्यालये व तिहेरी विद्याशाखा यांची जागा एक रचना घेईल आणि त्यामुळे केंद्रे बंद न करता पैसा वाचेल, अशी त्यामागील भूमिका होती.

दुसरा मार्ग तिन्ही चॅन्सलरांनी सुचविला. विद्यापीठे स्वतंत्रच ठेवावीत, परंतु त्यांनी एक संघ करून प्रशासकीय सेवा व काही अभ्यासक्रम वाटून घ्यावेत, असे त्यांचे म्हणणे होते. विद्यार्थी, देणगीदार आणि स्थानिक समाज यांचे नाते आपल्या गावच्या विद्यापीठाशी असते. ते तुटले तर विद्यार्थिसंख्या घटून बचतीहून अधिक नुकसान होईल, ही त्यांची भीती होती.

३० जुलै रोजी मंडळाने ८ विरुद्ध ३ मतांनी पहिला मार्ग पत्करला आणि एका अधिस्वीकृतीचा आराखडा तयार करण्यास अध्यक्षांना सांगितले. दोनच आठवड्यांनी चित्र पालटले. जनमताचा रेटा वाढत होता आणि विधिमंडळाने बरीच रक्कम परत देण्याचे ठरविले. १३ ऑगस्ट रोजी राज्यपाल व मंडळाचे अध्यक्ष जॉन डेव्हिस यांनी एका करारावर सह्या केल्या. त्यानुसार एकाच वर्षातील १३ कोटी ५० लाखांच्या कपातीऐवजी तीन वर्षांत मिळून ७ कोटी डॉलरची कपात ठरली : पहिल्या वर्षी २ कोटी ५० लाख, दुसऱ्या वर्षी तितकीच आणि तिसऱ्या वर्षी २ कोटी. अनुदान ३२ कोटी ७० लाखांवरून २५ कोटी ७० लाखांवर उतरणार होते. आर्थिक आणीबाणी मागे घेण्यात आली. नागरिकांना त्या वर्षी मिळालेला लाभांश अखेर १,६०६ डॉलर ठरला.

अधिस्वीकृतीचा प्रश्न

घाईची निकड कमी होताच एकत्रीकरणाच्या मार्गातील अडचणी दिसू लागल्या. त्यांतील मुख्य अडचण अधिस्वीकृतीची होती. अमेरिकेत मान्यताप्राप्त अधिस्वीकृती संस्थेने स्वीकारलेल्या विद्यापीठातील विद्यार्थ्यांनाच केंद्र सरकारचे शैक्षणिक साहाय्य मिळते. अधिस्वीकृती गेली तर पदवीचे मोल घटते आणि गरीब विद्यार्थ्याचा आधारही जातो. अलास्कावासीयांनी याची चुणूक नुकतीच पाहिली होती. अँकरेज येथील प्राथमिक पात्रतेच्या शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रमांची विशेष अधिस्वीकृती जानेवारी २०१९ मध्ये रद्द झाली होती आणि त्यानंतर मंडळाने ते अभ्यासक्रम बंद करण्याचा निर्णय घेतला होता. शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या विद्यापीठाकडे वळावे लागले.

अधिस्वीकृती संस्था इमारती, ग्रंथालये व निकाल पाहतात, त्याचबरोबर निर्णय कोण घेतो, त्याची जबाबदारी कोणावर आहे आणि अध्यापकांना त्यात स्थान आहे की नाही, हेही तपासतात. वायव्य विभागाच्या अधिस्वीकृती संस्थेने शरद ऋतूत तिन्ही विद्यापीठांना पत्रे पाठवून नेमकी हीच चिंता व्यक्त केली. मंडळ, अध्यक्ष आणि चॅन्सलर यांच्या अधिकारांच्या सीमा संदिग्ध झाल्या आहेत, असा त्याचा आशय होता. अध्यापकांचा विरोधही तीव्र होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये मंडळाने एका अधिस्वीकृतीचा आराखडा थांबविला. फेअरबँक्स विद्यापीठाची अधिस्वीकृतीची फेरतपासणी २०२१ मध्ये पूर्ण होईपर्यंत हा विषय पुढे न नेण्याचे ठरले.

कपात मात्र थांबली नव्हती. जून २०२० मध्ये मंडळाने चाळीसहून अधिक अभ्यासक्रम बंद किंवा कमी करण्याचे अथवा परस्परांत विलीन करण्याचे निर्णय घेतले. जुनो येथील विद्यापीठ फेअरबँक्समध्ये विलीन करण्याचा अभ्यास करावा, असाही विचार पुढे आला. त्याच महिन्यात अध्यक्ष जॉन्सन यांनी राजीनामा दिला. त्यांच्यानंतर पॅट पिटनी यांच्याकडे प्रथम हंगामी स्वरूपात आणि २०२२ मध्ये कायम स्वरूपात अध्यक्षपद आले. त्यांनी पूर्वी फेअरबँक्स येथे प्रशासन सांभाळले होते आणि राज्याच्या अर्थसंकल्प कार्यालयाचे संचालकपदही भूषविले होते. तिन्ही विद्यापीठे स्वतंत्रच राहिली.

बचतीचा हिशोब

या साऱ्या प्रकरणात एक साधा हिशोब अनेकदा नजरेआड झाला. वरिष्ठ पदे कमी केल्याने नेमके किती वाचते? उदाहरणादाखल असे समजू की, वेतन व भत्ते धरून प्रत्येकी २ लाख डॉलर खर्चाची ३० वरिष्ठ पदे रद्द केली. त्यातून वर्षाला ६० लाख डॉलर वाचतील. अनुदान ७ कोटी डॉलरने घटले असेल तर ही बचत त्याच्या ९ टक्क्यांच्याही आत राहते. उरलेला भार अध्यापन, प्रयोगशाळा, ग्रंथालये आणि दूरच्या केंद्रांवरच पडणार हे उघड आहे.

याचा अर्थ वरिष्ठ पदांना हात लावू नये असा नाही. खालच्या स्तरावर कपात करावयाची असेल तर ती वरच्या स्तरापासून सुरू झाली पाहिजे; त्याखेरीज अध्यापक व कर्मचारी यांचा तिच्यावर विश्वास बसत नाही. परंतु पदे कमी करणे आणि कामे कमी करणे या भिन्न गोष्टी आहेत. ग्रामीण कारभाराशी परिचित असणाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको. ग्रामपंचायतीचा एकच अधिकारी दोन-तीन गावे सांभाळू लागला की एका वेतनाची बचत होते. परंतु दाखले, वसुली, नोंदी आणि सभा यांचे काम तेवढेच राहते. तो कोणत्या वारी कोणत्या गावी असणार, हे ठरलेले व लोकांना ठाऊक असेल तर काम चालते. ते ठरलेले नसेल तर वाचलेल्या पैशाची किंमत गावकऱ्यांच्या हेलपाट्यांतून वसूल होते. कॉट्झब्यूच्या विद्यार्थिनीला आपल्या अडचणीसाठी कोणाकडे जावयाचे, हा प्रश्न याच जातीचा होता.

दुसऱ्या एका राज्याची वाट

पेनसिल्व्हेनिया राज्याने याच सुमारास वेगळ्या रीतीने एकत्रीकरण केले. तेथील राज्य विद्यापीठ व्यवस्थेत १४ विद्यापीठे होती आणि त्यांची विद्यार्थिसंख्या २०१० मधील सुमारे १ लाख २० हजारांवरून पुढील दहा वर्षांत १ लाखाच्या खाली आली होती. २०२० मध्ये प्रथम कायदा करून फेररचनेचे अधिकार व्यवस्थेच्या मंडळाला स्पष्टपणे देण्यात आले. त्यानंतर आराखडा तयार झाला, त्यावर लोकांची मते घेण्यात आली, जुलै २०२१ मध्ये मंडळाने मंजुरी दिली आणि अधिस्वीकृती संस्थेची संमती मिळाल्यावर १ जुलै २०२२ पासून सहा विद्यापीठांची दोन विद्यापीठे झाली. सहांच्या जागी दोन अध्यक्ष आले. जुनी गावे व केंद्रे मात्र कायम राहिली.

या क्रमाने गेल्यामुळे अधिकारांविषयी संदेह उरला नाही. तथापि एकत्रीकरणाने सर्व दुखणी बरी झाली असेही नाही. राज्याच्या पश्चिम भागातील नव्या विद्यापीठात विद्यार्थिसंख्येची घसरण पहिल्या वर्षांत चालूच राहिली. प्रशासन एकत्र केल्याने खर्च आटोक्यात येऊ शकतो. विद्यार्थी येण्याची कारणे मात्र निराळीच असतात.

अनुभवाचे सार

या दोन उदाहरणांवरून काही गोष्टी निश्चितपणे सांगता येतात. पहिली गोष्ट, कपातीची गती तिच्या आकाराइतकीच महत्त्वाची असते. आर्थिक वर्षाच्या तोंडावर झालेल्या कपातीमुळे विचारपूर्वक निवड करण्यास वेळच उरत नाही. तीच कपात तीन वर्षांवर विभागली तर संस्थेला निवृत्तीने रिक्त होणारी पदे, अभ्यासक्रमांची मागणी आणि विद्यार्थ्यांची सोय यांचा मेळ घालता येतो. दुसरी गोष्ट, नेतृत्वाची रचना बदलण्यापूर्वी अधिकार व जबाबदाऱ्या लेखी स्वरूपात निश्चित झाल्या पाहिजेत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये कुलगुरू, प्र-कुलगुरू, चार विद्याशाखांचे अधिष्ठाता, कुलसचिव, वित्त व लेखा अधिकारी यांची कर्तव्ये कलमवार नमूद केलेली आहेत, त्यामागेही हाच हेतू आहे. एखादे पद रिक्त ठेवले किंवा त्याचा अतिरिक्त कार्यभार दुसऱ्याकडे दिला तरी ते कर्तव्य शिल्लक राहते, याचे भान असावे लागते.

तिसरी गोष्ट, बचतीचा अंदाज आकड्यांनी मांडला गेला पाहिजे. किती पदे, किती वेतन, स्थलांतराचा व संगणक-प्रणालींच्या एकीकरणाचा खर्च किती, आणि निव्वळ बचत कोणत्या वर्षापासून, हे उघडपणे सांगितले तर विरोध करणारेही चर्चेस तयार होतात. चौथी गोष्ट, ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांचे मत निर्णयापूर्वी घ्यावयास हवे. अलास्कात जुलैमध्ये बहुमताने संमत झालेला आराखडा ऑक्टोबरमध्ये थांबवावा लागला. एवढ्या अवधीत अध्यापकांचा वेळ, विद्यार्थ्यांची निश्चिंतता आणि विद्यापीठाचा लौकिक यांची जी हानी झाली ती कोणत्याही ताळेबंदात नोंदली जात नाही.

सार्वजनिक विद्यापीठ हे जनतेच्या पैशावर चालते आणि त्या पैशाचा हिशोब मागण्याचा जनतेला पूर्ण अधिकार आहे. काटकसर हा त्या हिशोबाचाच एक भाग होय. ती करताना एखादे कार्यालय किती लहान झाले याबरोबरच दूरच्या केंद्रातील विद्यार्थ्याला पूर्वीइतकीच शिकवणी, मार्गदर्शन आणि मान्यताप्राप्त पदवी मिळते आहे की नाही, हेही तितक्याच काटेकोरपणे तपासले गेले पाहिजे. फेररचना यशस्वी झाली की नाही याचा निर्णय त्या कसोटीवरच होईल.